‘शिक्षा झालीच नाही ना?’ : ह्यूस्टनची कबुली, कोथरूडची फाइल

प्रकरण सुरू झालं एका मुखत्यारपत्रावरून. डिसेंबर २०२२. डहाणूकर कॉलनीतलं एक जोडपं मुलाला घेऊन शिवाजीनगर कोर्टाजवळच्या माझ्या ऑफिसात आलं. सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली होती. फ्लॅटच्या कागदांवर मुलाचंही नाव होतं आणि तो तीन आठवड्यांनी ह्यूस्टनला परतणार होता. बिल्डर त्याच्या सह्यांसाठी थांबणार नाही, म्हणून वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र हवं होतं. आजीचं खुब्याचं हाड मोडल्यामुळे तो आला होता. त्यातच हेही उरकून टाकू असा विचार. (नावं देत नाही. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कलमं आणि त्यांवर टांगलेले आकडे बदललेले नाहीत.)

मसुदा वाचताना मी सवयीने विचारलं, “कुठे काही केस वगैरे?” मुखत्यारपत्राला त्याची गरज नसते. वडील म्हणाले, “छे हो.” मुलगा म्हणाला, “एक होती मॅडम. डिसमिस झाली.”

वडिलांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्यांनाही ते तेव्हाच पहिल्यांदा कळत होतं.

काका अमेरिकन नागरिक. त्यांनी २००१ मध्ये भावासाठी अर्ज भरला, नंबर लागला २०१४ मध्ये. तेरा वर्षं म्हणजे भावंडांच्या रांगेत भारतीयांसाठी त्या काळी नेहमीचीच गोष्ट. मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत झाली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये तिघंही ग्रीन कार्डवर ह्यूस्टनला उतरले. मुलगा तेव्हा वीस वर्षांचा. आईवडील दोन वर्षांत कार्ड परत करून पुण्याला आले. “पंपावरच्या दुकानात रात्रपाळी करायला बँक सोडली नव्हती मी,” हे वडिलांचं वाक्य मी नंतर अनेकदा ऐकलं. मुलगा काकांकडे राहून शिकला.

डिसेंबर २०१७ मध्ये तो कॉलेज सांभाळून इलेक्ट्रॉनिक्सच्या एका दुकानात कॅश काउंटरवर बसायचा. एक मित्र लॅपटॉप घेऊन रांगेत आला. किंमत ११५० डॉलर. याने लॅपटॉपऐवजी १९ डॉलरच्या केबलचा बारकोड स्कॅन केला आणि खोकं पुढे सरकवलं. वर कॅमेरा होता. आठवडाभराने चोरीचा गुन्हा नोंदला गेला. टेक्सासमध्ये ७५० ते २५०० डॉलरच्या चोरीला ‘क्लास ए मिसडिमीनर’ म्हणतात, म्हणजे कमी गंभीर गुन्ह्यांतला वरचा वर्ग. जास्तीत जास्त एक वर्ष कैद.

ठरावीक फीवर केलेल्या वकिलाने मार्ग काढून दिला : ‘डिफर्ड अ‍ॅडज्युडिकेशन’. कोर्टात गुन्हा कबूल करायचा, न्यायाधीश दोषी ठरवण्याचा निर्णय राखून ठेवणार, बारा महिने देखरेखीखाली राहायचं, दुकानाची भरपाई द्यायची, समाजसेवेचे तास भरायचे. सगळं नीट पार पडलं की खटला काढून टाकतात. मुलाने तसं केलं. २०१९ च्या सुरुवातीला खटला निघाला, पुढे ती नोंद सार्वजनिक पाहणीतून बंदही झाली. त्याच उन्हाळ्यात तो एकदा पुण्याला येऊन गेला, परतताना कोणी काही विचारलं नाही. आता तो नागरिकत्वाचा अर्ज भरत होता. अर्धा भरलेला अर्ज त्याने मला मोबाइलवर दाखवला. ‘कधी अटक झाली आहे का’ या प्रश्नापुढे ‘नाही’.

इथे माझी स्वतःची चूक नोंदवते. मी त्यांना सांगितलं, काळजीचं कारण दिसत नाही. डोक्यात आपला १९५८ चा परिवीक्षा कायदा होता. आपल्याकडे कोर्टाने आरोपीला प्रोबेशनवर सोडलं तर कलम १२ म्हणतं, दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता त्याला चिकटणार नाही. पंचवीस वर्षं हे कलम वापरलंय. त्यामुळे ‘डिफर्ड’ हा शब्द ऐकला आणि मनाने परस्पर भाषांतर करून टाकलं.

संध्याकाळी घरी पोळ्या लाटताना ते खटकलं. लॉ कॉलेजातली एक मैत्रीण अमेरिकेत इमिग्रेशनच्या केसेस चालवते, तिला फोन लावला. तिने एकच विचारलं : “कोर्टात उभा राहून ‘गिल्टी’ म्हणाला का?” म्हणाला होता. “मग त्याला शिक्षा झालेली आहे,” ती म्हणाली.

दोन कायदे, एक शब्द

अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यात ‘कन्व्हिक्शन’ची स्वतःची व्याख्या आहे, ती १९९६ मध्ये घातली गेली. आरोपीने गुन्हा कबूल केला किंवा ‘लढवत नाही’ म्हटलं, आणि न्यायाधीशाने कसलीही शिक्षा, दंड किंवा बंधन घातलं, की झालं. दोषी ठरवणारा निकाल राखून ठेवला असला तरी फरक पडत नाही. टेक्सासच्या याच पद्धतीबद्दल इमिग्रेशन अपील मंडळाने १९९८ मध्ये आणि तिथल्या केंद्रीय अपील न्यायालयाने १९९९ मध्ये निकाल देऊन ठेवलेत : ही दोषसिद्धीच. खटला पुढे निघाला, नोंद बंद झाली, तरी राज्याने दिलेली ती माफी इमिग्रेशनपुरती मोजत नाहीत. म्हणजे टेक्सासच्या लेखी हा मुलगा निष्कलंक आणि केंद्र सरकारच्या लेखी शिक्षा झालेला, एकाच वेळी. आणि नागरिकत्वाचा अर्ज तर स्पष्टच विचारतो, नोंद बंद किंवा पुसलेली असली तरी सांगा. ते ‘नाही’ तसंच गेलं असतं तर जुन्या चोरीवर नवं खोटं चढलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिघांना परत बोलावलं. आदल्या दिवशीचं मत मागे घेतलं. वकिलाला हे जड जातं, पण जावंच.

वडिलांचा पहिला प्रश्न : “तडीपार करतील?” पुण्यात हद्दपारी म्हटली की हाच शब्द येतो. पण पोलीस कायद्याखालची तडीपारी जास्तीत जास्त दोन वर्षांची, तीही जिल्ह्याबाहेर. दौंडला राहा, बारामतीला राहा, म्हणायला जागा असते (अर्थात तो जिल्हाही पुणेच, त्यामुळे सातारा म्हणू). अमेरिकेने काढलं तर साधारणपणे दहा वर्षं परतीचा दरवाजा बंद, आणि गुन्हा ‘अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी’त (इमिग्रेशन कायद्यातल्या सर्वांत गंभीर गुन्ह्यांच्या यादीत) मोडत असेल तर कायमचा.

दुसरा प्रश्न जास्त नेमका होता. “एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा कशी? आपल्याकडे कलम २० आहे.” आहे. तसं तत्त्व त्यांच्याही राज्यघटनेत आहे. पण १८९३ मध्येच तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चिनी मजुरांच्या प्रकरणात सांगून टाकलं की देशाबाहेर काढणं ही गुन्ह्याची शिक्षाच नव्हे, दिवाणी स्वरूपाची कारवाई आहे. त्याच तर्काने इमिग्रेशन कोर्टात सरकारी खर्चाने वकीलही मिळत नाही. मला हा तर्क कधीच पटलेला नाही. पण तो सव्वाशे वर्षं टिकलाय, आणि माझ्या न पटण्याने टेक्सासात काही हलत नाही.

मुखत्यारपत्राच्या पाठीवर

त्या दिवशी मुखत्यारपत्र झालंच नाही. मसुद्याच्या पाठकोऱ्या बाजूवर मी फोनवर मैत्रीण सांगेल तसं लिहीत गेले. तो कागद अजून फाइलला आहे. चार गोष्टी : लॅपटॉपची किंमत, कायद्यातली कमाल शिक्षा, प्रत्यक्ष दिलेली शिक्षा, गुन्ह्याची तारीख. सगळं प्रकरण या चार आकड्यांत होतं, आणि प्रत्येक आकडा वेगळ्या दारावर उभा होता.

चोरी हा साधारणपणे ‘नैतिक अधःपतनाचा’ गुन्हा धरतात. असा एक गुन्हा देशात प्रवेश केल्यापासून पाच वर्षांच्या आत घडला, आणि त्याला एक वर्ष किंवा अधिक कैद होऊ शकत असेल, तर ग्रीन कार्डवाल्याला काढता येतं. प्रत्यक्षात कैद किती झाली हे इथे बघतच नाहीत, होऊ किती शकली असती ते बघतात. ऑगस्ट २०१४ ते डिसेंबर २०१७ म्हणजे तीन वर्षं चार महिने. कमाल शिक्षा बरोबर एक वर्ष. मुलगा अडकला. लॅपटॉप ७५० डॉलरच्या आतला असता तर ‘क्लास बी’, कमाल १८० दिवस, आणि हे कलमच लागलं नसतं. तोच प्रकार त्याने पाच वर्षं उलटल्यावर केला असता तरी, पहिलाच असल्यामुळे, हे कलम लागलं नसतं.

आता दुसरं दार. परत येणाऱ्याला आत घ्यायचं की नाही, याची यादी वेगळी आहे. तिच्यात क्षुल्लक गुन्ह्यांना सूट मिळते : एकच गुन्हा, कमाल शिक्षा एक वर्षापेक्षा जास्त नाही, आणि प्रत्यक्ष कैद सहा महिन्यांपेक्षा जास्त नाही. बरोबर एक वर्ष म्हणजे ‘एक वर्षापेक्षा जास्त’ नव्हे. म्हणजे जो एक वर्षाचा आकडा पहिल्या दारात त्याला अडकवतो, तोच दुसऱ्या दारात त्याला सोडतो. मी दोनदा खात्री करून घेतली, मलाच ते खरं वाटेना.

आणि या दुसऱ्या दारालाच तिसरं जोडलेलं होतं, ते सर्वांत महत्त्वाचं. पाच वर्षं ग्रीन कार्ड आणि रीतसर प्रवेशानंतर सलग सात वर्षं वास्तव्य असेल, अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी नसेल, तर इमिग्रेशन न्यायाधीश हद्दपारी रद्द करू शकतात. त्याला ‘कॅन्सलेशन ऑफ रिमूव्हल’ म्हणतात. त्या सात वर्षांचं घड्याळ मात्र गुन्ह्याच्या दिवशीच थांबतं, जर गुन्हा त्या दुसऱ्या यादीतला असेल तर. सूट मिळाल्यामुळे याचा नव्हता. म्हणून घड्याळ चालू राहिलं. लॅपटॉप २५०० डॉलरचा असता तर ती फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, झाली असती, कमाल दोन वर्षं, सूट गेली असती, आणि घड्याळ तीन वर्षं चार महिन्यांवर गोठलं असतं. मग न्यायाधीशांपुढे मागायलाही काही उरलं नसतं.

त्या स्वस्तातल्या वकिलावर आईचा फार राग होता. पण डिफर्डने एक मोठी गोष्ट वाचवली होती. टेक्सासमध्ये साधं प्रोबेशन देताना बरेचदा आधी ‘एक वर्ष कैद’ सुनावतात आणि ती स्थगित करतात. इमिग्रेशन कायदा स्थगित कैदही पूर्ण मोजतो. चोरीला एक वर्षाची कैद सुनावली की ती अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी, मग एक दिवसही तुरुंग न पाहता. ‘फेलनी’ नाव असलं तरी मिसडिमीनरसुद्धा त्यात बसतो. डिफर्डमध्ये कैद सुनावलेलीच नव्हती. ज्या कागदाने त्याला अडकवलं, त्यानेच त्याला तगवलं होतं. आईला हे मी तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, “म्हणजे वकील बरा होता की वाईट?” मला अजून उत्तर देता येत नाही.

राहिला प्रश्न परत जाण्याचा. इथेच थांबला असता तर? नोंद जागेवरच राहते, आणि वर्षभर बाहेर राहिलं की ग्रीन कार्ड सोडून दिलं असं धरण्याचा धोका वेगळा. काका ह्यूस्टनला डायलिसिसवर होते, आठवड्यातून तीनदा त्यांना नेणारा हाच. शेवटी ठरलं : नागरिकत्वाचा अर्ज बाजूला ठेवायचा, कोर्टाच्या कागदांच्या प्रमाणित प्रती तिकडून मागवून सोबत ठेवायच्या, विमानतळावर विचारलं तर खरं सांगायचं, आणि कुठल्याही परिस्थितीत कार्ड सोडल्याच्या कागदावर सही करायची नाही.

जानेवारी २०२३ मध्ये तो मुंबईहून निघाला. ह्यूस्टनला बोटांचे ठसे घेतल्यावर बाजूच्या खोलीत नेलं, तीन तास बसवलं. कार्ड ठेवून घेतलं, पासपोर्टवर शिक्का मारून मार्चमध्ये हजर व्हायला सांगितलं. मार्चमध्ये हातात ‘नोटीस टू अपिअर’, म्हणजे इमिग्रेशन कोर्टात हजर राहण्याची नोटीस, पडली. आरोप अपेक्षेप्रमाणे पाच वर्षांच्या कलमाखालचा. अटक नाही.

‘चूक’ की ‘चोरी’

तिथून पुढचं काम पुण्याचं होतं. अमेरिकन वकिलाने आईवडिलांची प्रतिज्ञापत्रं मागवली. वडील शंभराच्या स्टॅम्प पेपरवर, नोटरीचे गोल शिक्के, लाल सील, सगळं करून घेऊन आले. तिकडून निरोप : शिक्के नकोत, भाषांतर करणाऱ्याने आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर बरोबर आहे असं लिहून सही केली की पुरे. वडिलांचा त्या कोर्टावरचा विश्वास त्या दिवशी बराच उडाला.

आईचा मसुदा असा सुरू होत होता : “माझ्या मुलाने आयुष्यात कोणाच्या पैशाला हात लावलेला नाही.” मी तो परत दिला. इमिग्रेशन कोर्टात जुना गुन्हा पुन्हा उघडता येत नाही. कबुली दिलीय, ती दिलीय. तिथे न्यायाधीश तराजू घेऊन बसतात : किती वर्षं राहिला, घरचं कोण आहे, नोकरी, कर, समाजात काय केलं, गुन्हा कसा होता, आणि माणूस सुधारला का. १९७८ पासून हीच मोजमापं चालत आली आहेत. ज्याच्या घरचेच म्हणतात त्याने काही केलंच नाही, तो सुधारला कशातून?

दुसऱ्या मसुद्यात त्यांनी लिहिलं, “त्याच्या हातून चूक झाली.” मराठीत हे वाक्य बरंच काही बोलतं. त्यात लाज आहे, कबुली आहे, माफीही आहे. इंग्रजीत गेलं की ते चुकीचं बटण दाबल्यासारखं होतं. भाषांतर मीच करत होते, शब्द वाढवणं माझ्या हातात नव्हतं. म्हणून त्यांना सांगितलं, मूळ मराठीतच बदला.

त्या अर्धा तास पेन धरून बसल्या. ‘चोरी’ हा शब्द हातून उतरेना. मग लिहिलं : “त्याने मित्राकडून पैसे न घेता लॅपटॉप जाऊ दिला. ती चोरी होती. त्याने आम्हाला पाच वर्षं सांगितलं नाही, कारण आम्हाला हा शब्द ऐकायला लागला असता.” वडिलांनी वाचून चष्मा काढला आणि खाली चहा सांगायला निघून गेले.

दरम्यान मूळ कबुलीच रद्द करायचा प्रयत्नही झाला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ‘पडिला विरुद्ध केंटकी’ या निकालात म्हटलंय की आरोपीच्या वकिलाने कबुलीमुळे येणाऱ्या हद्दपारीची जाणीव करून दिलीच पाहिजे. होजे पडिला चाळीसहून अधिक वर्षं कायम रहिवासी, व्हिएतनाम युद्धात लढलेला ट्रकचालक. वकिलाने त्याला काळजी करू नको म्हणून सांगितलं होतं. २०१७ च्या ‘ली’ प्रकरणात त्याच न्यायालयाने अशाच चुकीच्या सल्ल्यावर दिलेली कबुली मागे घेऊ दिली. आमची बाजू लंगडी पडली ती कागदामुळे. कबुलीच्या छापील अर्जात एक ओळ होती : नागरिक नसाल तर या कबुलीमुळे देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. तिच्यापुढे मुलाची आद्याक्षरं. वकिलाने शपथेवर सांगितलं की इमिग्रेशनच्या वकिलाला विचार, असं आपण म्हणालो होतो. अर्ज फेटाळला गेला. मुलाला ती ओळ आठवतही नव्हती. त्या अर्जावर तशा पंधरा-वीस ओळी होत्या.

देशभरातल्या इमिग्रेशन कोर्टांत तेव्हा ३० लाखांवर प्रकरणं तुंबली होती. तारीख लागेस्तोवर दीड वर्ष गेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आजी गेल्या. कार्यवाही चालू असताना देश सोडणं परवडणारं नव्हतं. त्याने वैकुंठ स्मशानभूमीतलं सगळं मोबाइलवर पाहिलं, चुलतभावाने फोन धरला होता.

सुनावणी नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली. सरकारी वकिलाने विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं : आईवडील पुण्यात, भाषा येते, पुण्यात तुझ्या नावावर फ्लॅटही आहे, मग परत जायला अडचण काय? ज्या फ्लॅटसाठी ते माझ्याकडे आले होते तोच उलटून समोर आला. मुलगा म्हणाला, फ्लॅट आहे, पण काकांना मंगळवार, गुरुवार, शनिवार कोण नेणार? काका व्हीलचेअरवर मागे बसलेले होते. मग न्यायाधीशांनी लॅपटॉपबद्दल विचारलं. त्याने केबलचा बारकोड, मित्राचं नाव, १९ डॉलर, सगळं सांगितलं, मित्रावर न ढकलता.

हद्दपारी रद्द झाली, सरकारने अपील केलं नाही. ही सवलत आयुष्यात एकदाच मिळते. पुन्हा काही घडलं तर हे दार नाही.

मुखत्यारपत्र अखेर ह्यूस्टनच्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन कुरिअरने आलं. वडील पाकीट घेऊन आले तेव्हा आधी मी आल्याची तारीख पाहिली. परदेशात केलेला दस्त राज्यात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावा लागतो. दहा दिवस उरले होते. “आजच जा,” मी म्हटलं. त्यांनी पिशवीतून पाठकोऱ्या मसुद्याची झेरॉक्स काढली, दोन वर्षांपूर्वी माझ्याकडूनच नेलेली, आणि विचारलं, “हे आता फाडू का?”

राहू द्या म्हटलं.